बोरिवलीच्या रानातले मूर्ख

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खांना. त्यानंतर मूर्खांच्या पुष्कळ नव्या जाती जन्माला आल्या. त्यांतली एक जात समर्थांच्या काळी असणंच शक्य नव्हतं, कारण तेव्हा रानात शिरायला तिकीट पडत नसे. या जातीची माणसं तिकीट काढून राष्ट्रीय उद्यानात जातात, आत काहीही वसूल करत नाहीत आणि बाहेर येताना दुसऱ्याचा कचरा घेऊन येतात.

मला या मूर्खांची स्तुती करायची आहे. मूर्ख हा शब्द माझा नाही, बरोबरच्या माणसांनी, नातेवाइकांनी आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी लोकांनी तो त्यांना दिलेला आहे. स्तुती मात्र माझी आहे आणि ती सरळ अर्थानेच घ्यायची आहे.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडं चाललं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक येतं. आत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं रान आहे, एका अंगाला मुंबई आणि दुसऱ्या अंगाला ठाणे. रानाच्या पोटात दोन तलाव आहेत. विहार १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली, आणि दोन्हींचं पाणी आजही मुंबईच्या नळांना येतं. २०१८ साली कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतचा आरेसारखा भाग मिळून ४७ बिबटे आढळले. ज्या शहरात माणसाला पाय पसरायला जागा नाही, तिथे बिबट्याची मादी पिल्लं वाढवते. ही गोष्ट जितकी दुर्मीळ आहे तितकीच नाजूक आहे, आणि दरवर्षी लाखो पाहुणे तिच्या अंगणातून ये-जा करतात.

शहाणा पाहुणा हिशेबाला पक्का असतो. तिकिटाचे इतके, रिक्षाचे इतके, पोरांच्या आइस्क्रीमचे इतके. एवढे गेले, तर बदल्यात काय आलं? मग तो वसुलीला लागतो. बिबट्या दिसला पाहिजे. तो नसेल तर हरीण तरी जवळ आलं पाहिजे, जवळ येत नसेल तर बिस्किटाने बोलावलं पाहिजे. माकडासोबत फोटो निघाला पाहिजे. ओढा दिसला की पाय बुडवले पाहिजेत आणि पाय बुडाले की गाणं लागलं पाहिजे. लाल-पांढऱ्या फितीपलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, कारण फितीअलीकडचं तर सगळ्यांनाच मिळतं. संध्याकाळी घरी पोचल्यावर शेजारी विचारतात, काय काय पाहिलं? त्याच्याकडे सांगायला भरपूर असतं.

मूर्खाच्या वहीतली जमेची बाजू अशा वेळी अगदी रिकामी असते. सकाळी गेलो, चाललो, कोतवाल पक्षी ओरडत होता, परत आलो. बिबट्या? नाही. निदान ठसा? तोही नाही. मग गेलात कशाला? या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं आणि त्याला ते शोधावंसंही वाटत नाही. पुढच्या महिन्यात तो पुन्हा तिकीट काढतो.

उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर असे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. वय साठीच्या पुढचं, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. वेफर्सचं रिकामं पाकीट सहसा कोणीतरी उचलतं किंवा निदान सफाई कामगाराच्या नजरेला तरी पडतं. पण पाकीट फोडताना त्याचा जो चिमुकला तिकोनी कोपरा फाटून हातात येतो, त्याला कोणी वाली नसतो. ज्याने पाकीट कचरापेटीत टाकलं त्यानेही तो कोपरा खालीच सोडलेला असतो, आणि आपण कचरा केला असं त्याच्या मनातही येत नाही. हे गृहस्थ त्या कोपऱ्यांसाठी वाकत होते. दर दहा-पंधरा पावलांवर वाकायचं, कोपरा उचलायचा, पिशवीत टाकायचा. पानमसाल्याच्या पुडीचा कोपरा तर नखाएवढा असतो. तो ओल्या पानाला चिकटलेला असेल तर नखानेच सोडवावा लागतो.

दोन तरुण मुलं मागून आली. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, पार्कमध्ये कामाला आहात का?"

"नाही रे."

"मग एखाद्या संस्थेचे?"

"नाही. फिरायला आलोय."

"मग हे कशाला?"

"पडलं होतं," काका म्हणाले.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने स्वतःच्या हातातली रिकामी बाटली पुढे केली. "मग ही पण घ्या."

मला त्या मुलाचा राग आला. काकांना आला नाही. त्यांनी बाटली घेतली, दाबून चपटी केली, झाकण परत घट्ट बसवलं आणि पिशवीत टाकली. मी त्यांच्या बरोबरीने चालायला लागलो तेव्हा त्यांनी सांगितलं की झाकण नेहमी बसवून टाकायचं, वेगळं पडलं की ते हरवतं आणि बाटलीपेक्षा झाकण सापडायला अवघड. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात मिळत नाही. ते वाकून वाकून कमवावं लागतं.

या कोपऱ्यांचं पुढे काय होतं ते रान पाहिलेल्या माणसाला ठाऊक असतं. पहिल्या मोठ्या पावसात ते नाल्यात उतरतात. तुळशी तलावाच्या अंगाने निघणारी दहिसर नदी उद्यानातून वाहत बोरिवली-दहिसरच्या वस्तीत येते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. तिच्या पात्रात पुढे जे साचतं, त्यातलं बरंचसं शहरातलं असतं हे खरं, पण पहिली भर रानातच पडलेली असते. जे वाहून जात नाही ते चितळाच्या तोंडी जातं. पाकिटाला मिठाचा, मसाल्याचा वास असतो आणि मिठासाठी हरणं मातीसुद्धा चाटतात. प्लास्टिक पोटात गेलं की ते पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत ताडोब्याच्या रामदेगी भागातली एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यात एक वाघ पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालला आहे. लोकांनी ती कौतुकाने एकमेकांना पाठवली, वाघ सफाई करतोय म्हणून. मला ती पाहवली नाही. ज्याने ती बाटली तिथे टाकली, त्याने तिकिटाचे पैसे भरलेले असतील आणि कदाचित त्याला वाघही दिसला असेल.

कायद्याने काकांच्या बाजूने केव्हाच निकाल दिलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७ वं कलम वन्यप्राण्याची छेड काढायला मनाई करतं आणि त्याच वाक्यात जमिनीवर कचरा टाकायलाही मनाई करतं. अभयारण्यासाठीचा हा नियम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. कायदा करणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या हे मला फार योग्य वाटतं. वाघाला दगड मारणं आणि वाघाच्या पाणवठ्यात बाटली टाकणं यात फरक फक्त वेळेचा आहे.

दुसरी मूर्ख एक आई होती. फाटकापासून थोडं आत, माकडं रस्त्याच्या कठड्यावर बसतात तिथे. तिच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात केळं होतं आणि समोर लालसर तोंडाची माकडीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती. आजूबाजूला शेंगदाणे, चणे, क्रीमची बिस्किटं, सगळं चाललेलं. शनिवार होता. मारुतीचा वार म्हणून काही जण घरून डझनाने केळी घेऊन आले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दानधर्माचं समाधान होतं. मुलगा म्हणाला, "आई, तिला भूक लागलीय." आई म्हणाली, "तिचं जेवण झाडावर आहे. तुझं केळं पिशवीत ठेव." मुलगा रडला. बाजूच्या आजी म्हणाल्या, "अगं, मुक्या जिवाला एक केळं दिल्याने काय होतंय? पोराला का रडवतेस?" आईने मुलाला कडेवर घेतलं आणि चालायला लागली. रडणारं मूल, नाराज आजी आणि वर कंजूषपणाचा ठपका, एवढं सोसून ती बाई एक केळं वाचवून घेऊन गेली.

एका केळ्याने खरोखर काही होत नाही. पण रस्त्यावर केळं देणारे एकटे कधीच नसतात. लांब शेपटीचं, काळ्या तोंडाचं वांदर पानांवर जगतं. त्याच्या पोटाची रचनाच अशी आहे की आतले जीवाणू पानं आंबवून पचवतात. त्या पोटात साखर आणि मैदा ओतला की सगळं बिघडतं. टोपीसारखे केस असलेली माकडं गालाच्या पिशवीत फळं भरून नेतात आणि त्यांच्या बिया लांब लांब टाकतात. ती दिवसभर रस्त्यावर बिस्किटांची वाट बघत बसली तर बिया टाकायला जात नाहीत. त्याहून वाईट पुढे घडतं. हातातून खायला शिकलेलं माकड काही दिवसांनी हातातून ओढायला शिकतं. मग पिशव्या हिसकावल्या जातात, कोणाला तरी चावा बसतो, तक्रारी होतात आणि ते माकड उपद्रवी ठरून पिंजऱ्यात जातं. केळं देणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण तो तोवर पुण्य घेऊन घरी गेलेला असतो. मुलाला रडवणाऱ्या त्या आईच्या खात्यात कोणी पुण्य मांडणार नाही. मी मांडतो.

बिबट्याची गोष्ट याच हिशेबाची, फक्त रक्कम मोठी आहे. २००२ ते २००४ या वर्षांत उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्याचे हल्ले झाले, माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. त्या काळात जो तो म्हणत होता की पिंजरे लावा, बिबटे पकडा आणि लांब नेऊन सोडा. शहाणपणाचा सल्ला होता. पण जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, हे वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवून दिलं. आपली हद्द सुटलेला, अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या जास्त बिथरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतोच. बिबट्याला वस्तीकडे खेचणारी गोष्ट रानाच्या कडेला साचलेली असते. कचऱ्याच्या ढिगाला कुत्री येतात, डुकरं येतात, त्यांच्या मागे तो येतो.

२०११ साली वनखातं, अभ्यासक आणि काही नागरिक यांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकायला अगदीच किरकोळ होत्या. रानाच्या कडेला कचरा साचू देऊ नका. अंधारात एकट्या मुलांना पाठवू नका, टॉर्च घ्या, बोलत चला. बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याची वाट अडवू नका. पिंजऱ्याच्या मागणीपुढे हे सगळं भाबडं वाटत होतं. पुढे बिबट्यांची संख्या काही घटली नाही आणि तरीही हल्ल्यांची ती जुनी लाट ओसरली. वारली पाड्यांवर वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या पुजलं जातं. तिथल्या माणसांना बिबट्याशी शेजार कसा करायचा हे कोणी शिबिरात शिकवलेलं नव्हतं. अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर पडणारा आणि वनरक्षकाने "पुढे जाऊ नका" म्हटल्यावर "का?" न विचारता मागे फिरणारा पाहुणा याच शेजारधर्माचा एक भाग पाळत असतो. मित्र त्याला घाबरट म्हणतात. तो वाद घालत नाही.

कान्हेरीच्या लेण्यांत मूर्खाची परीक्षा वेगळी असते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसाल्टचा डोंगर खोदून इथे भिक्षूंसाठी शंभराहून अधिक लेणी कोरायला सुरुवात झाली. पावसाचं पाणी साठवायला खडकात जागोजागी टाकी कोरली आहेत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची नावं ब्राह्मी लिपीत भिंतींवर आहेत. कोणी पोढी दिली, कोणी लेणं दिलं, म्हणून नाव कोरलं गेलं. त्याच भिंतींवर अलीकडच्या काळात आणखी नावं आली आहेत, बहुतेक जोडीने, मध्ये बदामाचा आकार. यांनी काय दिलं याचा उल्लेख नाही. मूर्ख पाहुणा तिथे हात मागे बांधून उभा राहतो. दगडावर बोटाचा घामही नको म्हणून. पावसाळ्यात टाक्यांत पाणी भरलेलं असतं, मुलं त्यात उड्या मारायला बघतात आणि तो म्हणतो, हे प्यायचं पाणी होतं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी. तो आजही त्या पाण्याची मर्यादा सांभाळतो आणि पोरं त्याला हसतात.

पायवाट न सोडणाऱ्यांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण त्यांचं शौर्य सगळ्यात कमी दिसतं. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी वाढते. ती दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षं नुसती काठ्या आणि खरबरीत पानं घेऊन उभी राहते आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळा उतार जांभळा-निळा करून टाकते. बोरिवलीच्या रानात २०१६ साली ती फुलली आणि त्यानंतर २०२४ साली. फुलली की झुडूप मरतं, बिया पडतात, पुढच्या पावसात जमिनीवर इवली इवली रोपं वर येतात. कारवीच्या बहराचे फोटो काढायला झुंडी येतात. खरी काळजी घ्यायची वेळ त्यानंतरची असते, जेव्हा तिथे बघण्यासारखं काहीच नसतं आणि ती सगळी पुढची पिढी पायाखालच्या दोन बोटं मातीत असते. ज्याने फुलांच्या वर्षीही उतारात न शिरता वाटेवरून पाहिलं आणि फुलं नसलेल्या वर्षीही वाट सोडली नाही, त्याला दोन्ही वेळा फोटो चांगला मिळाला नाही. २०३२ च्या आसपास जो बहर येईल, त्यातला काही भाग त्या न मिळालेल्या फोटोंचा असेल.

मार्चनंतर गवत वाळून खडखडीत होतं. त्याआधीच वनमजूर उन्हात जाळरेषा काढतात, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवताचा पट्टा साफ करतात. रानातल्या बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. गवत वाळलेल्या त्या दिवसांत सिगारेटची तलफ फाटकाबाहेर येईपर्यंत मारून ठेवणारा माणूस जाळरेषेचाच एक तुकडा आहे. कासवं सोडणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगावंसं वाटतं. घरात हौसेने आणलेलं, गालावर लाल पट्टा असलेलं कासव मोठं झालं की लोक त्याला 'मुक्त' करायला तलावाकडे निघतात. ते कासव अमेरिकेतलं आहे. आपल्या पाण्यात ते इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढतं. ज्याने ते घरीच मरेपर्यंत सांभाळलं, दर आठवड्याला काचेची टाकी घासली आणि बायकोची बोलणी खाल्ली, तो तलावापासून लांब राहूनही उद्यानाची सेवा करत असतो.

रानात शहाणपणाची सगळ्यात मोठी गर्दी होते ती वाघासाठी. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं चंद्रपूरचं ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, सगळीकडे तीच कथा. माणसं मुंबई-पुण्याहून रेल्वेने, विमानाने, मोठा खर्च करून येतात. सकाळी थंडीत घोंगडी गुंडाळून जिप्सीत बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, काल कुठे दिसला? दुसरा प्रश्न, आज नक्की दाखवाल ना? चालकाला ठाऊक असतं की वाघ दिसला तर निघताना हातात नोटा पडतील आणि नाही दिसला तर नुसता नमस्कार. मग एकाने वाघ पाहिल्याची कुणकुण लागली की सगळ्या गाड्या तिकडे धावतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवा, त्याला घेरू नका. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाची वाघीण तिच्या पाच पिल्लांसह रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्यांनी तिची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली. ती योग्यच होती. पण गाड्यांत उभे राहून, खांद्यावरून हात लांबवून चित्रीकरण करणारी माणसं पैसे देऊन आलेली होती, आणि त्यांच्यातल्या कोणीही "गाडी मागे घ्या" म्हटलं असतं तर निदान त्यांची गाडी तरी मागे गेली असती. ज्याने पैसे दिले त्याचं चालक ऐकतो. पर्यटकाच्या हातात एवढी ताकद असते आणि ती सहसा "जरा पुढे घ्या" म्हणण्यातच खर्ची पडते.

ताडोब्यात मी एका जिप्सीत मधल्या बाकावर होतो आणि पुढच्या बाकावर नागपूरचं एक जोडपं होतं. मोहर्लीच्या बाजूने आत गेलो होतो. वळणावर पाच-सहा गाड्या तिरप्या थांबलेल्या, माणसं सीटवर उभी, कोणी शुक्‌ शुक्‌ करतंय, कोणी शुक्‌ शुक्‌ करणाऱ्याला गप्प करतंय. बांबूत काहीतरी पिवळं हललं. आमच्या चालकाने गिअर बदलला आणि गाडी त्या गर्दीत घालायला घेतली. पुढच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तिथे नका जाऊ."

चालकाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "वाघीण आहे ताई, बांबूत. आता निघेल बाहेर."

"तिला निघायला जागा कुठे आहे? गाड्याच गाड्या. आपण दुसरीकडे जाऊ."

गाइडने मागे वळून आमच्याकडे पाहिलं, म्हणजे बाकीचे काय म्हणतात ते. कोणी काही बोललं नाही आणि गाडी वळली. उरलेल्या वेळात आम्ही रानकुत्र्यांची टोळी शोधली, ती सापडली नाही. गवे पाहिले, तेही पाठमोरे. तलावाच्या काठाला मगर उन्हात पडली होती आणि नवरोबांनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की गाइडने आपणहून तिच्याबद्दल जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. घरटं कसं करते, पिल्लं तोंडात कशी नेते. वाघ दिसत असताना हे ऐकायला त्याला कोणी वेळ दिला नसावा.

फाटकावर उतरल्यावर त्या बाईंनी पर्समधून पाकीट काढलं आणि चालकाला आणि गाइडला, दोघांनाही, बक्षिशी दिली. चालकाने नोटा मोजल्या नाहीत, पण पाहिल्या. मग तो संकोचून म्हणाला, "ताई, वाघ तर दाखवला नाही मी."

"मी सांगितलं म्हणून तर वळवलीत ना गाडी," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी पण तुमचीच गाडी मिळेल का बघा."